धोंड्याच्या महिन्यातला कॅमेरा

आमच्या घरात जावयाला उलटून बोलायची पद्धत नव्हती. जावई म्हणेल ते बरोबर, आणि अधिक महिन्यात म्हणाला तर जरा जास्तच बरोबर. दर तीन वर्षांनी अधिक आला की लेक-जावई लक्ष्मीनारायण समजून घरी बोलवायचे, पाटावर बसवायचे, जावयाचे पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरण भरलेले धोंडे वाढायचे. म्हणून आमच्याकडे त्याला धोंड्याचाच महिना म्हणत. वर्ध्याकडून रायपूरला येऊन आमच्या घराला दोन पिढ्या झाल्या होत्या. बोलण्यात अर्धी हिंदी शिरली होती, सकाळच्या पोह्यांच्या जागी चीला आणि फरा आला होता, पण हा महिना मात्र आईने माहेराहून आणला तसाच जपला होता. धोंड्याच्या आठवडाभर आधी तांदूळ भिजत, मग ते सावलीत वाळत, आणि खलबत्त्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जाई. लहानपणी मला जावयाचं हे कौतुक फार आवडायचं, कारण वाणातून उरलेले अनारसे माझ्या वाट्याला यायचे. पुढे याच कौतुकाच्या आडून माझा घात झाला. ते कसं झालं ते कधीतरी नीट लिहायचं होतं. आता केस पिकायला लागले आहेत, तेव्हा लिहून टाकते.

पुरानी बस्तीत आमचं घर होतं. पहाटे देवळांच्या घंटा एकामागोमाग एक सुरू होत आणि कुठली घंटा कुठल्या देवळाची ते आम्ही अंथरुणातूनच सांगू शकत असू. बाबा रेल्वेच्या ऑफिसात. संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवी, आणि बाबा पायातले बूट काढायच्या आधी मला हाक मारत. ताई थोरली, शहाणी, घरकामाची. मी धाकटी आणि लाडाची. बाबांनी मला आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलं नाही. सायकल मागितली, सायकल आली. गणिताची शिकवणी नको म्हटलं, शिकवणी बंद झाली. कॉलेज संपता संपता कॉम्प्युटर मागितला तर तोही आला, बैठकीच्या कोपऱ्यात बसला आणि आईने त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं. आई म्हणायची, "तुम्ही तं पोट्टीले डोक्यावर बसवून ठेवलं." बाबा हसून म्हणायचे, "नाही म्हणणं आपल्याले जमत नाही बुवा." हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. त्याचा पूर्ण अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला.

त्या काळात आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं होतं. शंकर नगरकडे साहेब लोकांची ऑफिसं आली, दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या, आणि कालपर्यंत कोपऱ्यावर पान खात उभी असणारी माणसं आपण राजधानीत राहतो म्हणून जरा ताठ चालू लागली. पूर्वी लग्नात फोटो काढले की भागायचं. आता बारशालासुद्धा व्हिडिओ लागू लागला. माझ्या जिजाजींचं यात चांगलंच फावलं. प्रमोद जिजाजींचं शंकर नगरात दुकान होतं, बाहेर 'व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग' अशी पाटी. शूटिंग केलेलं कापून, जोडून, त्यावर गाणी चढवून द्यायचं, त्याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणत. ते मूळचे मराठीच, पण वाढले बिलासपुरात. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतून. माणूस तसा वाईट नव्हता. कमी बोलायचा, आणि सासरी आला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचा.

त्यांच्याच दुकानात बसून माझ्या डोक्यात कल्पना आली. बायकांच्या कार्यक्रमांना, म्हणजे हळदीकुंकू, डोहाळजेवण, मंगळागौर, तिथे पुरुष व्हिडिओवाला आला की बायका पदर सावरत अवघडून बसतात. फुगडी खेळणारी मध्येच थांबते, नाव घेणारी लाजून गप्प होते. तिथे एखादी मुलगीच कॅमेरा घेऊन गेली तर? शूटिंग करायचं, घरी येऊन आपल्याच कॉम्प्युटरवर कापायचं, आणि आपल्या नावाने द्यायचं. रायपुरात मराठी घरं काही कमी नव्हती. मला बीएड करायचं नव्हतं, बँकेच्या परीक्षा द्यायच्या नव्हत्या. मला हेच करायचं होतं आणि त्याआधी किंवा त्यानंतर मला कुठलीच गोष्ट इतकी मनापासून करावीशी वाटलेली नाही. शेजारच्या शोभाकाकूंनी तर सुनेच्या डोहाळजेवणाचं आधीच सांगून ठेवलं. "मंजू, तूच ये बाई कॅमेरा घेऊन, त्या बाप्यायसमोर आम्हाले नीट हसता येत नाही."

कॅमेरा कुठला घ्यायचा याचा मी अभ्यास केला होता. कॉम्प्युटर शिकवणारे सर होते, त्यांनी मला समजावून सांगितलं. तेव्हा दोन प्रकारचे कॅमेरे मिळत. एकात छोटी टेप असे आणि दुसऱ्यात छोटी डिस्क. टेपवर प्रत्येक चित्र सुटं उतरतं, मोकळ्या भातासारखं, कुठूनही शित उचला. एक वायर लावली की ते जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये येतं आणि घरच्या सॉफ्टवेअरने हवं तिथे कापता येतं. डिस्कवर जागा कमी म्हणून चित्रं दाबून, एकमेकांना चिकटवून ठेवलेली असतात. टीव्हीवर बघायला डिस्क सोयीची, पण कापायला गेलं की गिचका भात. शिवाय आपलं सॉफ्टवेअर त्या डिस्कचा आवाज ओळखतही नव्हतं. सर म्हणाले होते, "देखो, घर पे एडिटिंग करना है तो टेपवाला ही लेना. दुकानदार कुछ भी बोले." मी हे सगळं बाबांना सांगितलं होतं, एकदा नाही, रोज जेवताना. बाबा मान डोलवत ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "म्हणजे डिस्कवाल्यातून घरी काहीच नाही करता येत म्हण." मी म्हणायचे, काहीच नाही. मला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकतात.

धोंड्याचा महिना होता. ताई-जिजाजी वाणाला आले. पाय धुऊन झाले, जेवणं झाली, आणि सुपारी कातरता कातरता बाबा म्हणाले, "चला, मंजूचा कॅमेरा आजच घेऊन येऊ." आई दचकली. अधिकात नवी वस्तू घ्यायची आमच्यात रीत नव्हती. बाबा म्हणाले, "लक्ष्मीनारायणाच्या हातानं घेतलेल्या वस्तूले काय होते? जवाईबापूच निवडतील. त्यांचा धंदाच आहे तो." मी आनंदाने चप्पल उलटी घालून निघाले.

गोल बाजारच्या पुढे कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दुकानातल्या भैयाने दोन कॅमेरे काचेवर ठेवले, एक टेपवाला, एक डिस्कवाला. जिजाजींनी आधी टेपवाला उचलला. त्याच्या पोटाजवळचं झाकण उघडून वायर लावायची जागा पाहिली, आणि झाकण लावलं. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते. जिजाजींनी टेपवाला खाली ठेवला, डिस्कवाला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "ये ले लो. कैसेट का जमाना गया."

मी म्हटलं, "जिजाजी, पण यातून कॉम्प्युटरवर घेऊन कापता येईल?"

"सब हो जाता है," ते काचेकडे बघत म्हणाले.

"सर तर म्हणत होते की टेपवालाच..."

"मंजू," बाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जवाईबापू सांगून राहिले ना? मग काहून मध्ये मध्ये करून राहिली?"

मी डिस्कवाला हातात घेतला. सकाळी ज्या माणसाच्या पायांवर मी तांब्याने पाणी घातलं होतं त्याला दुपारी, परक्या दुकानात, तुम्हाला कळत नाही असं कसं म्हणणार? आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, म्हणायचं होतं. पण आमच्या घरातल्या कुठल्याच मुलीने ते म्हटलं नसतं, आणि हे जोखूनच सगळं ठरलेलं होतं.

घरी येऊन पहिलं शूटिंग बाबांचंच केलं. ते अंगणातल्या खुर्चीवर अडकित्ता घेऊन बसले होते, मागे आईची वाळत घातलेली लुगडी. टीव्हीला वायर जोडून ते सगळ्यांनी पाहिलं, आई आपला आवाज ऐकून तोंडावर पदर घेऊन हसली. जिजाजी तेवढे लवकर निघून गेले, दुकानाचं काही काम आहे म्हणाले.

मग शोभाकाकूंकडचं डोहाळजेवण झालं. त्या दुपारसारखी दुपार माझ्या आयुष्यात पुन्हा आली नाही. हिरवी साडी नेसलेली सून झोपाळ्यावर, फुलांची वाडी भरलेली, आणि माझ्या हातात कॅमेरा आहे हे बायका थोड्या वेळाने विसरूनच गेल्या. एकीने उखाण्यात सासूला चिमटा काढला, सासूने उलटा उखाणा घेतला. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी बसल्या जागी डोहाळ्याचं गाणं म्हटलं, मधल्या दोन ओळी विसरल्या, स्वतःच हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी ते सगळं टिपलं. कुठे कापायचं, कुठे ठेवायचं, हे मला शूटिंग करतानाच दिसत होतं. आत्याबाईंचं हसणं तर मी अगदी सुरुवातीलाच दाखवणार होते.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं झाकण काढून बसले. डिस्कमधली फाइल आधी उघडेचना. सरांना विचारून कशीबशी उघडली तर चित्र आलं, आवाज नाही. बायका तोंडं हलवताहेत, टाळ्या वाजवताहेत, आणि सगळं मुकं. कापायला गेले तर एका जागी कापलं की भलत्याच जागी तुटायचं, मध्ये चित्राचे चौकोनी तुकडे उडायचे, आणि मग कॉम्प्युटरच बंद पडायचा. मी आठवडाभर तिथून उठले नाही. आई जेवायला बोलवून थकली. शेवटी बाबा मागे येऊन उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे ना. जवाईबापूले देऊन टाक, ते करून देतील." मी म्हटलं, कॅमेरा बदलून आणू या. त्यावर ते म्हणाले, "जवाईनं घेतलेली वस्तू वापस करायची? ताईच्या संसारात काड्या घालायच्या आहेत का तुले?"

डिस्क जिजाजींकडे गेली. परत आली तेव्हा सोबत तयार सीडी होती, तिच्यात सुरुवातीला त्यांच्या दुकानाचं नाव गिरक्या घेत येत होतं. मग बदामांच्या चौकटी, गुलाबाच्या पाकळ्या, आणि सगळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. आत्याबाई हसत होत्या त्या जागी कुणी नट गात होता. शोभाकाकूंना फार आवडलं. "प्रमोदच्या दुकानाचं काम एकदम मस्त," असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, आणि पुढची बोलावणी सरळ शंकर नगरात गेली. माझ्याकडे कोणी आलं नाही. वर्षभरात मी बीएडला नाव घातलं. बाबांनी पेढे वाटले.

जिजाजींनी मला बुडवलं, यात मला काही शंका नव्हती. स्वतःच्या दुकानात टेपचे कॅमेरे वापरणारा माणूस मला डिस्कवाला घ्यायला लावतो, याचा अर्थ सरळ होता. घरातल्या घरात त्याला दुसरं दुकान नको होतं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. समोर चहा ठेवायचा तो आपटून ठेवायचा, त्यांनी काही विचारलं तर ताईकडे बघून उत्तर द्यायचं. त्यांनी कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. तेही मला चोराच्या मनात चांदणं वाटायचं.

पुढचा अधिक ऐन उन्हाळ्यात आला. स्वयंपाकघरात स्टोव्ह आणि गॅस दोन्ही पेटलेले, आई अनारसे तळत होती, ताई खसखशीवर थापून देत होती. बैठकीत जिजाजी येऊन बसले होते. आई म्हणाली, "मंजू, तांब्या घे, जवाईबापूच्या पायावर पाणी घाल." मी म्हटलं, मी नाही घालणार. दुसऱ्या कोणालाही सांगा. ताईचा हात खसखशीतच थांबला.

"किती वर्षं तोंड वाकडं करून राहशील त्यांच्यावर?" ती म्हणाली. "त्यांनी टेपवालाच सांगितला होता."

"कोणाले?"

"बाबाले. धोंड्याच्या आधी बाबा दुकानात गेले होते. हे म्हणाले, मंजूले घरी मिक्सिंग करायचं आहे तं टेपवालाच पाहिजे. बाबा म्हणाले, तो नको. ज्याच्यातून घरी काही करता येत नाही, तो घ्यायचा. अन् तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून आलं तं पोट्टी वाद नाही घालणार."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "काहून?"

"काहून म्हणजे? लोकायच्या लग्नामांडवात कॅमेरा घेऊन फिरणारी पोट्टी कोणत्या घरात खपते? बाबाले वाटलं, नाही म्हटलं तं तू जिद्दीले पेटशील. चार दिवस खेळशील, जमणार नाही, मग आपोआप बीएडले जाशील." मग खालच्या आवाजात म्हणाली, "गेलीस ना?"

"तुले माहीत होतं?"

"मले माहीत होतं. आईले पण."

मी आईकडे पाहिलं. तिने झारा कढईत बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अनारसे हसून राहिले. गॅस कमी कर." पीठ सैल झालं की अनारसा तुपात फुटून पसरतो, त्याला हसणं म्हणतात. मी गॅस कमी केला.

मग मी तांब्या घेतला, बैठकीत गेले आणि जिजाजींच्या पायांवर पाणी घातलं. ते नेहमीसारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तीन वर्षं मी त्यांच्यावर जो राग काढला त्याची मला आजही फारशी खंत नाही. शब्द दुसऱ्याचे असले तरी तोंड त्यांचंच होतं. पण त्या दिवशी त्यांच्यावरचा राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मी तयार नव्हते. पानं मांडली. बाबा जावयाशेजारी बसले होते, गंध लावून, आनंदात. मी धोंडे वाढत वाढत त्यांच्या पानापाशी आले आणि विचारलं, "बाबा, तो डिस्कवाला कॅमेरा तुम्ही सांगितला होता?"

बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. मी लहानपणी भरल्या घरात काहीतरी भलतंच विचारायचे तेव्हा ते जसे बघायचे, तसंच त्यांनी पाहिलं.

"जेवण होऊ दे," ते म्हणाले.

जेवण झालं. वाण झालं. ताई-जिजाजी गेले. बाबांनी सुपारी कातरली, वर्तमानपत्र वाचलं, मला पाणी मागितलं, मी दिलं. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. मी शाळेत नोकरीला लागले, लग्न होऊन टाटीबंधकडे राहायला गेले, पोरंबाळं झाली. ते दर रविवारी मला भेटायला येत आणि माझ्यासाठी गरम जिलेबी आणत. त्यांनी माझ्यावर माया केली नाही असं मी म्हणणार नाही. पण ते जेवण काही संपलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लोक म्हणतात, बापाच्या मनात पोरीचं भलंच होतं. असेल. 'नाही' म्हणाले असते तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित हरलेही असते. पण मग निदान हरले असते. त्यांनी मला हवं ते हातात दिलं आणि ते आतून आधीच बंद करून ठेवलं होतं, आणि वर माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी माफ करू शकलेले नाही.

बाबा गेल्यावर आईच्या कपाटात तो कॅमेरा आणि त्या छोट्या डिस्क सापडल्या. आता ही भानगड राहिलेली नाही. मोबाइलवरचं फुकटचं ॲपसुद्धा कुठलीही फाइल निमूट उघडतं, आवाजासकट, आणि बोटाने कापता येतं. डिस्कवरचं सगळं मी मोबाइलवर उतरवून घेतलं आणि सगळ्यात आधी डोहाळजेवण लावलं. आत्याबाई विसरल्या, हसल्या, पुन्हा गायला लागल्या. त्यांचं हसणं मी अगदी सुरुवातीला ठेवलं, तेव्हा ठरवलं होतं तसंच. शोभाकाकूंच्या सुनेला पाठवलं. तिची मुलगी आता कॉलेजात आहे.

मग अंगणातलं शूटिंग लावलं. बाबा खुर्चीवर बसून सुपारी कातरत आहेत, अडकित्त्याचा आवाज येतो, मागे लुगडी हलताहेत. ते मान वर करतात, सरळ कॅमेऱ्यात बघतात आणि विचारतात, "काय मंजू, झालं ना तुह्या मनासारखं?"

कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, "हव, बाबा." तो आवाज मला ओळखू आला नाही. इतकी खूश मी पुढे कधी झालेली मला आठवत नाही.

मी तो परत परत ऐकला. मग बाबांचा प्रश्न तसाच ठेवला आणि माझं उत्तर तेवढं कापलं. आता बाबा विचारतात, आणि कॅमेऱ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत थांबतात. ती फाइल मी तशीच ठेवली आहे.